हिरवा होईपर्यंत

“म्हणजे तुम्ही मला आशीर्वाद देणारच नाही का?” अनिमेषने विचारलं.

विहाराच्या ओसरीवर बसून आर्याजी चीवराचा उसवलेला काठ शिवत होत्या. दोरा सुईत जात नव्हता. त्यांनी त्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि सुई पुन्हा उजेडाकडे धरली.

“मॅडम...”

“मॅडम गेल्या,” आर्याजी म्हणाल्या. दोरा सुईत गेला.

अनिमेषने जीभ चावली. सकाळपासून तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून तेच निघालं होतं. भिक्खुणी होण्याआधी आर्याजी नागपूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. अनिमेष रामटेके त्यांच्याच वर्गातला. हात वर करायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होणारा. आता तो मुलांच्या पोषणावर काम करणाऱ्या एका संस्थेत होता. सोमवारी जिल्ह्याच्या समितीसमोर त्याला आपलं काम दाखवायचं होतं. त्याआधी बाईंनी एकदा ते पाहावं, मान हलवावी, एवढ्यासाठी तो पहिल्या गाडीने तलावाकाठच्या या लहानशा विहारात आला होता.

आर्याजींनी मान हलवली नव्हती.

“पुन्हा सांग,” त्या म्हणाल्या. “काय केलंस तू?”

अनिमेष पुढे सरकला. हे सांगायला त्याला कधीच कंटाळा येत नसे.

“आतापर्यंत दोन वेगळी सॉफ्टवेअर होती. एक चित्र काढायचं, म्हणजे आलेख. दुसरं गणित करायचं. चित्रात काही दिसलं, की ते आकडे उचलायचे, दुसरीकडे न्यायचे, गणित लावायचं, परत इकडे यायचं. एका शंकेला अर्धा दिवस.”

“आठवतं मला.”

“मी दोघांच्या मध्ये पूल बांधला. आता चित्रातल्या ठिपक्यांवर नुसता माऊस फिरवायचा. जेवढे ठिपके निवडाल, तेवढ्यांचं गणित मागच्या मागे होतं. बोट उचलायच्या आत!”

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

पडदा ठिपक्यांनी भरलेला होता. एक ठिपका म्हणजे अंगणवाडीतलं एक मूल. काही गावांत मुलांना बचत गटातल्या बाया जवस-तिळाचे लाडू करून देत. ती मुलं निळी. काही गावांत पाकिटातली पूड दुधात कालवून देत. ती मुलं केशरी. ठिपका जितका वर, तितकं मुलाचं वजन वर्षभरात जास्त वाढलेलं. कोपऱ्यात एक छोटा गोल दिवा होता, राखाडी रंगाचा.

“फरक नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा दिसेल, याची शक्यता शंभरात पाचाहून कमी झाली, की हा दिवा हिरवा होतो,” अनिमेष म्हणाला. “आता बघा.”

त्याची बोटं सराईतपणे फिरली. पश्चिमेकडची गावं गेली. मोठी मुलं गेली. तान्ही गेली. मधल्या काळात आजारी पडलेली गेली. पडद्यावर थोडे ठिपके उरले. त्यांत केशरी वर, निळे खाली.

दिवा हिरवा झाला.

“पूर्वेकडची गावं, दीड ते दोन वर्षांची मुलं. पाकीट सरळ सरळ पुढे! सोमवारी हे पाहिलं, की समिती सगळ्या जिल्ह्यात लाडू बंद करून पाकीट सुरू करेल. आणि माझा पूल राज्यभर जाईल.”

“काहून जी, लाडवानं कोनाचं काय बिघडवलं?” आतून आवाज आला.

स्वयंपाकघर ओसरीला लागूनच होतं. मधे कंबरेइतकी भिंत. तिच्यावरून शेवंताबाईंचं डोकं दिसत होतं. विहारातला स्वयंपाक त्याच करत आणि ओसरीवरचं बोलणं आपल्याशीच चाललंय असं समजून उत्तरंही देत.

“मावशी, मी नाही म्हणत. आकडे म्हणतात,” अनिमेष हसून म्हणाला.

“आकडे बोलतेत?”

“बोलतात. ऐकणारा पाहिजे.”

आर्याजींची सुई थांबली.

“कशाचेही आकडे असले तरी?” त्यांनी विचारलं.

“कशाचेही.”

“ते कशाचे आहेत, हे तुला सांगितलं नाही तरी?”

अनिमेषला वाटलं, आता बाई वळल्या. कॉलेजात असंच व्हायचं. त्या आधी गप्प बसायच्या, मग परीक्षा घ्यायच्या, मग मान हलवायच्या.

“काही सांगू नका,” तो म्हणाला. “नुसते आकडे द्या. त्यांच्यात काय दडलंय, ते मी काढून दाखवतो.”

आर्याजी उठल्या. आत जाऊन शेवंताबाईंच्या कानाशी काहीतरी बोलल्या. शेवंताबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग तोंडाला पदर लावला आणि भिंतीआड खाली बसल्या. आता त्यांचा अंबाडाही दिसेना.

“त्या सांगतील तसं लिही,” आर्याजी परत येऊन म्हणाल्या. “एका ओळीत चार आकडे.”

अनिमेषने चार रकाने आखले. त्यांना नावं दिली : अ, ब, क, ड.

भिंतीआडून काहीतरी सांडल्यासारखा बारीक आवाज आला. मग शेवंताबाई म्हणाल्या, “तीन.”

पुन्हा तोच आवाज. “एक.”

“चार.”

“चार... नाही, थांब. एक फिरलं थे. तीन लिव.”

अनिमेषने तीन लिहिलं. काय फिरलं, हे त्याने विचारलं नाही. मावशी स्वयंपाक करता करता सांगत असाव्यात, असं त्याला वाटलं. त्याचं लक्ष रकान्यांकडे होतं. त्यातच दोनदा मोबाईल वाजला, तो त्याने बंद केला.

हे बराच वेळ चाललं. उन्हाची तिरीप ओसरीच्या पायरीवरून खाली उतरली. आर्याजींचा काठ शिवून झाला, तरी त्या सुई हातात धरून बसल्या होत्या.

“आता भात टाकू द्या जी मले,” शेवंताबाई आतून म्हणाल्या. “बारा वाजले, की मंग तुम्ही जेवाच्या नाही. अन् या पोट्ट्याच्या पायी उपाशी राहान.”

भिक्खुणी दुपारी बारानंतर जेवत नाहीत. आर्याजींनी आकाशाकडे पाहिलं.

“टाका भात. एवढे पुरेत ना रे?”

“भरपूर आहेत.”

अनिमेष कामाला लागला. आधी सगळे ठिपके पडद्यावर पसरले. काहीच दिसलं नाही. दिवा राखाडी. अनिमेष बिचकला नाही. सुरुवातीला कधीच काही दिसत नाही, हे त्याला सवयीचं होतं. त्याने ‘अ’ मोठा असलेल्या ओळी निवडून पाहिल्या. राखाडी. ‘ब’ लहान असलेल्या काढून टाकल्या. राखाडी. ‘क’ आणि ‘ड’ समोरासमोर ठेवले. टोकाचा एक ठिपका काढला. तो परत घेतला. दुसरा काढला...

त्याचे डोळे बारीक झाले होते. ओठांचा चंबू झाला होता. मांजर भिंतीच्या फटीकडे पाहतं, तसा तो पडद्याकडे पाहत होता.

आतून भात शिजल्याचा वास आला.

“सापडलं!”

दिवा हिरवा झाला होता.

“या, बघा! ‘अ’ मोठा असेल आणि ‘ब’ अगदी लहान नसेल, तिथे ‘क’ वाढला की ‘ड’ वाढतो. किती सरळ रेघ आहे! बाकीच्या ओळींत हे दिसत नाही. म्हणजे ‘अ’ मिळाल्याशिवाय ‘क’चा उपयोग होत नाही.”

“अस्सं?”

“आणि सांगू? ही शेतीची माहिती आहे. ‘अ’ म्हणजे पाणी. पाणी असेल, तरच खत लागू पडतं. ‘क’ म्हणजे खत. ‘ड’ म्हणजे धान.”

“आणि ‘ब’?”

अनिमेषने क्षणभर विचार केला. “जमिनीचा पोत.”

“छान जुळतंय,” आर्याजी म्हणाल्या.

त्या खरंच कौतुकाने म्हणाल्या, असं अनिमेषला वाटलं. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तेवढ्यात भिंतीआडून खोकल्यासारखा आवाज आला. शेवंताबाई खोकत नव्हत्या. पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

“मावशी, इकडे आणा,” आर्याजी म्हणाल्या.

शेवंताबाई बाहेर आल्या. त्यांनी मूठ पुढे केली. आर्याजींनी त्या मुठीतलं आपल्या ओंजळीत घेतलं, ओंजळ हलवली आणि लॅपटॉपच्या समोरच, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, उघडली.

मधून फोडलेले चिंचोके होते. एक बाजू काळी, एक पांढरी. विहारातली मुलं रविवारी चौसर खेळताना फाशांऐवजी टाकतात ते.

“पांढरे किती?” आर्याजींनी विचारलं.

अनिमेषने मोजले.

“चार.”

“लिही.”

तो लिहू शकला नाही.

“चिंचोक्याइले खत लागते म्हंते पोट्टा!” शेवंताबाईंना आता हसू आवरेना. “अन् पानी बी! माय वं... मी उगंच भाजून खाल्ले आजवर, पेरले असते तं!”

त्या हसत हसतच आत गेल्या. भाताचं झाकण काढल्याचा आवाज आला.

पडद्यावर दिवा अजून हिरवाच होता.

“तुम्ही मला फसवलंत,” शेवटी अनिमेष म्हणाला.

“कशाचे आहेत, ते सांगू नका, असं कोण म्हणालं?”

अनिमेषने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

“हा खेळ झाला,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज चढला होता. “माझे ठिपके चिंचोके नाहीत. मुलं आहेत. अंगणवाडीच्या ताईंनी घरोघरी जाऊन वजनं घेतलीत. एकही आकडा खोटा नाही!”

“चिंचोक्यांचा कुठला आकडा खोटा होता?”



आर्याजींनी एक चिंचोका उचलला, बोटांत फिरवला. “मुलांचा दिवा हिरवा झाला, त्याआधी किती वेळा निवडून पाहिलं होतंस?”

“म्हणजे?”

“हे गाव घे, ते सोड. हे वय घे, ते सोड. असं किती वेळा?”

अनिमेष आठवू लागला. आठवडाभर तो हेच करत होता. बसमध्ये, जेवताना डाव्या हाताने, आईशी फोनवर बोलताना. निवडायला काही कष्टच पडत नव्हते. बोट फिरवायचं आणि पाहायचं.

“नाही आठवत.”

“पुलाला आठवत असेल.”

“नाही,” तो हळूच म्हणाला. “त्याची नोंद राहत नाही. गणिताकडे जातं, ते फक्त शेवटी निवडलेलं.”

“म्हणजे त्याला काय वाटत असेल?”

तलावावरून पाणकोंबडीचा आवाज आला.

“त्याला वाटतं...” अनिमेष थांबला. “त्याला वाटतं, मी एकदाच विचारलं.”

“आणि शंभरदा विचारलं, तर पाचेकदा नुसत्या योगायोगानेही हिरवा होतो,” म्हणत आर्याजींनी चिंचोका खाली ठेवला.

शेवंताबाईंनी ताटं आणली. आर्याजींना भिक्षापात्रात वाढलं, अनिमेषला ताटात. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. जेवताना आर्याजी बोलत नसत. अनिमेषने भाताचा ढीग या बाजूचा त्या बाजूला केला.

“खा ना बापा,” शेवंताबाई म्हणाल्या. “त्यात चिंचोके नाही हायेत.”

जेवण झाल्यावर आर्याजींनी पात्र धुतलं, पुसलं, उन्हात उपडं ठेवलं.

“मग तोडून टाकू पूल?” अनिमेषने मागून विचारलं. “परत दोन सॉफ्टवेअर, परत अर्धा दिवस?”

“तोडायला कशाला? चांगला बांधलायस.”

“मग करू काय?”

“सगळी गावं पाहून झाली तुझी?”

“तलावापलीकडची नाही. पूर्वेचीच आहेत ती. त्यांची माहिती उशिरा आली. फाईल कालच मिळाली, अजून उघडली नाही. तिची गरजच नाही. आहे तेवढ्यावर निकाल लागलाय...”

बोलता बोलता तो थांबला. आर्याजी त्याच्याकडे पाहत होत्या. कॉलेजात फळ्याकडे वळण्याआधी पाहायच्या, तशा.

“उघडू?” त्याने विचारलं.

“आधी सांग, आत काय दिसेल?”

“ते उघडल्यावर कळेल ना.”

“उघडल्यावर मलाही कळेल. मावशींनाही कळेल. तू न उघडता सांग.”

अनिमेषने ओठ ओले केले. आठवडाभर तो या ठिपक्यांबद्दल बोलत होता. पण असं कुणी त्याला विचारलं नव्हतं.

“दीड ते दोन वर्षांची मुलं,” तो म्हणाला. “पाकीटवाल्यांचं वजन लाडूवाल्यांपेक्षा जास्त वाढलेलं असेल. आजारी पडलेली मुलं सोडून.”

“झालं? की अजून काही सोडायचंय?”

तो अडखळला. “...झालं.”

“मग विचार. एकदा.”

अनिमेषने फाईल घेतली. वय निवडलं. आजारी मुलं वगळली. आता एकच कळ दाबायची उरली होती. त्याचं बोट कळीवर होतं आणि दाबत नव्हतं. असल्या कळा त्याने आजवर हजारोंनी दाबल्या असतील. भीती मात्र आज पहिल्यांदा वाटत होती. नाही आलं तर? सोमवारी दाखवायचं काय? आणि पूल...

शेवंताबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याही हसत नव्हत्या.

त्याने कळ दाबली.

ठिपके आले. केशरी आणि निळे. वर काही केशरी, काही निळे. खालीही तसेच. जणू कुणी दोन रंगांची डाळ एकाच सुपात पाखडली होती.

दिवा राखाडी होता.

अनिमेष पाहत राहिला. मग त्याचा हात आपोआप पुढे गेला. वयाची मर्यादा थोडी वाढवली तर... दोन ऐवजी सव्वादोन... तलावाला अगदी लागून असलेलं ते एक गाव सोडलं तर...

आर्याजी तलावाकडे पाहत होत्या.

त्याचा हात माऊसवरच होता. हलत नव्हता, उचललाही जात नव्हता.

मोबाईल वाजला. संस्थेचे प्रमुख पिंपळापुरे सर. या वेळी त्याने उचलला. सरांचा आवाज नेहमीच मोठा. शेवंताबाईंनाही ऐकू येत होता.

“अरे अनिमेष, कुठे आहेस तू? सकाळपासून फोन करतोय! ते हिरवं चित्र पाठव लवकर. छापायला द्यायचंय.”

“सर...”

“काय?”

“सर, फरक दिसत नाहीये.”

“काय दिसत नाहीये? काल तर मला तूच दाखवलंस. हिरवं होतं!”

“काल...” अनिमेषने डोळे मिटले. “सर, हिरवं होईपर्यंत मी निवडत होतो. आज नवी गावं घेतली, आधी ठरवून, एकदाच. नाही दिसला फरक.”



“दुसरं काहीतरी निवडून बघ ना मग.”

अनिमेषने माऊसवरचा हात उचलला. मांडीवर ठेवला.

“नाही सर.”

“अरे, समितीला सोमवारी काय दाखवणार आहेस तू? रिकामा पडदा?”

“हेच दाखवीन. दोन्ही. काल काय केलं आणि आज काय आलं. लाडू बंद करा, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही, असं सांगीन.”

सर आणखी काही बोलले. मग फोन कट झाला. अनिमेषने मोबाईल पालथा ठेवला.

“रागावला का रे थो मानूस?” शेवंताबाईंनी विचारलं.

“हो मावशी.”

“मंग? नौकरी गेली?”

“माहीत नाही.”

शेवंताबाई चुकचुकल्या. आत जाऊन त्यांनी पेलाभर ताक आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

अनिमेष ताक प्यायला. त्याने लॅपटॉप मिटला. मग उठून तो आर्याजींच्या समोर गुडघ्यांवर बसला, हात जोडले, तीनदा वाकला. वंदन करून झालं तरी तो उठेना. त्याच्या मनात काहीतरी होतं. ते विचारावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“बोल,” आर्याजी म्हणाल्या.

“तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना... त्या गावांत काही निघणार नाही म्हणून?”

आर्याजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या दमल्यासारख्या दिसत होत्या. मॅडम असताना त्या इतक्या म्हाताऱ्या नव्हत्या, असं त्याच्या मनात आलं.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “मला तर वाटत होतं, तुझंच खरं निघेल.”